गिळणाऱ्या पेशींच्याच हाती औषध

1891 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये बेसी डॅशिएल ही 17 वर्षांची मुलगी सार्कोमा या हाडा-स्नायूंच्या कॅन्सरने गेली. हात कोपराखालून कापूनही ती वाचली नाही. तिचे तरुण सर्जन विल्यम कोली यांना हे फार लागलं. जुने केसपेपर चाळताना त्यांना एक रुग्ण सापडला: मानेवरची गाठ वारंवार केलेल्या शस्त्रक्रियांना दाद देत नव्हती, पण त्वचेला जंतुसंसर्ग होऊन सणकून ताप आला आणि गाठ विरघळली. मग कोली रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागले, आधी जिवंत, पुढे मारलेले. काही जण खरोखर बरे झाले. पण कुणाला गुण येईल याचा भरवसा नव्हता. पुढे रेडिएशन आलं आणि ही वाट मागे पडली.

1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं, की फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ, पाण्यात घातलं की त्याचे बंद फुगे होतात. हेच लायपोसोम. त्यांत केमोथेरपीचं औषध भरायचं ठरलं, पण यकृत-प्लीहेतल्या मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचं काहीही गिळून टाकणाऱ्या संरक्षक पेशी, ते वाटेतच गिळू लागल्या. त्यांना चुकवायला फुग्यांवर पॉलिमरचा थर चढवावा लागला. 1995 साली अमेरिकेत मंजूर झालेलं डॉक्सिल हे केमोथेरपीचं औषध त्यातूनच आलं.

कॅन्सर-संशोधक आयझया फिडलर यांनी मात्र उलटा विचार केला, आणि मला तो या इतिहासातला सगळ्यात सुंदर क्षण वाटतो. मॅक्रोफेज गिळतातच, तर गिळू द्या. फुग्यात त्यांना चेतवणारं काही ठेवा. जंतूंच्या पेशीभित्तिकेतल्या एका तुकड्याची कृत्रिम नक्कल लायपोसोममध्ये बसवली गेली. फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज ती खाऊन कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडतात, आणि हाडाचा ऑस्टिओसार्कोमा पसरतो तो बहुधा फुफ्फुसातच. केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्यावर सहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 70 वरून 78 टक्क्यांवर गेलं. मिफाम्युर्टाइड नावाचं हे औषध युरोपने 2009 साली मंजूर केलं, अमेरिकेने नाही.

2016 साली जर्मनीतल्या माइंझच्या संशोधकांनी आरएनए (पेशींना प्रथिनं बनवण्याची सूचना देणारा रेणू) आणि लिपिड यांच्या कणांचा विद्युतभार किंचित ऋण बाजूला झुकवला. तेवढ्यानेच कण प्लीहेतल्या डेंड्रिटिक पेशींकडे, म्हणजे शत्रूची ओळख टी-पेशींना पटवून देणाऱ्या पेशींकडे वळले. कणावर वेगळा पत्ता चिकटवावा लागला नाही. याच तंत्राची, प्रत्येकाच्या गाठीनुसार बनवलेली लस न्यूयॉर्कमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या 16 रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर दिली. 2023 साली निष्कर्ष आले: 8 जणांच्या टी-पेशी, म्हणजे शत्रूला मारणाऱ्या संरक्षक पेशी, गाठीविरुद्ध जाग्या झाल्या होत्या. ही चाचणी झाली मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात. कोलींनी अनेक वर्षं काम केलं, ते याच मेमोरियलमध्ये.