कचरा काढेपर्यंत मोटर थांबत नाही

रिअल-टाइम म्हणजे वेगवान, हा गैरसमज आधी बाजूला ठेवू. दर १० मिलिसेकंदांनी न चुकता उत्तर देणारा संथ प्रोसेसर रिअल-टाइम कामाला चालतो. एरवी १० मायक्रोसेकंदांत उत्तर देणारा, पण तासातून एकदा अर्धा सेकंद गायब होणारा चालत नाही. पायथनसारख्या उच्चस्तरीय भाषेवरचा खरा आक्षेप या गायब होण्यावर आहे. तिचा संथपणा हा दुय्यम मुद्दा.

रास्पबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डवर मायक्रोपायथन (छोट्या चिपसाठीची पायथनची आवृत्ती) घालून एन्कोडरवाली, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर असलेली डीसी मोटर चालवायची आहे असं धरू. दर १ मिलिसेकंदाला वेग मोजायचा, पीआयडीचं (हवा तो वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतल्या फरकावरून दुरुस्ती काढणारं) गणित करायचं आणि पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून मोटरचा जोर ठरवणारा सिग्नल) बदलायचा. पिकोवरची आरपी२०४० ही चिप १३३ मेगाहर्ट्झवर चालवता येते, म्हणजे एका मिलिसेकंदात १,३३,००० ठोके. एवढ्यात पीआयडी सहज बसतं. तरीही मोटर दर सेकंद-सव्वा सेकंदाला हिसका देते.

का, ते हिशोबाने पाहू. मायक्रोपायथनमध्ये दशांश संख्यांच्या प्रत्येक आकडेमोडीचं उत्तर हीप मेमरीत (प्रोग्रॅम चालू असताना लागेल तशी वापरायची मेमरी) नव्या जागी ठेवलं जातं आणि त्यासाठी १६ बाइटचा एक ठोकळा जातो. लूपच्या (दर मिलिसेकंदाला पुन्हा चालणाऱ्या कोडच्या) एका फेरीत अशा १० क्रिया झाल्या तर १६० बाइट, सेकंदाला १,६०,०००. पिकोची एकूण रॅमच २६४ किलोबाइट. त्यातली सुमारे दोनशे किलोबाइट हीपला मिळते. ती भरली की गार्बेज कलेक्टर (न लागणाऱ्या जागा मोकळ्या करणारा, म्हणजे कचरा काढणारा भाग) उठतो, सगळी हीप चाळतो आणि तोवर आपला प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. हा थांबा काही मिलिसेकंदांचा असतो.

पण नुसता उशीर झाल्याने हिसका बसत नाही. मोटर ३,००० आरपीएमवर आहे आणि एन्कोडर मोटरच्या एका चक्राला ४०० काउंट देतो, तर मिलिसेकंदाला २० काउंट येतात. कलेक्टरने ५ मिलिसेकंद खाल्ले की लूपच्या पुढच्या फेरीत १०० काउंट दिसतात. गणिताने मात्र १ मिलिसेकंदच गृहीत धरलेला, त्यामुळे वेग १५,००० आरपीएम निघतो. पीआयडी घाबरून पीडब्ल्यूएम शून्यावर आणतं. त्यातलं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर पाहणारं) पद तर आणखीच उसळतं. म्हणून पहिली दुरुस्ती: मधला वेळ गृहीत धरू नका, मायक्रोसेकंदांत मोजा. मात्र टिक्सचा (मायक्रोपायथनच्या वेळमोजणीचा) आकडा ठरावीक मर्यादेनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे साधी वजाबाकी न करता टिक्स-डिफ हे तयार फंक्शन वापरावं.

दुसरी दुरुस्ती जास्त मोलाची. लूपमध्ये हीपला हातच लावायचा नाही. दशांश टाळायला पीआयडीच्या गुणकांना २५६ने गुणून पूर्णांक करा (२.३५चा ६०२ होतो), गुणाकार झाल्यावर उत्तर ८ बिट उजवीकडे सरकवा, म्हणजे पुन्हा २५६ने भागा. इथे एक खाच आहे: साधारण १०७ कोटींपर्यंतचेच पूर्णांक हीपशिवाय मावतात, त्यापुढचे पुन्हा हीपवर जातात. म्हणून चुकांची बेरीज करत जाणाऱ्या इंटिग्रल पदाला कमाल-किमान मर्यादा घालावीच लागते. बफर (आकडे ठेवायची जागा) सुरुवातीलाच बनवून ठेवा आणि सेन्सर वाचताना त्यातच भरा. लूपमध्ये प्रिंट नको, मजकूर जोडणं नको. इंटरप्टच्या (चालू काम अडवून लगेच चालणाऱ्या) फंक्शनमध्ये ऑब्जेक्टची मेथड नुसती दुसरीकडे सोपवली तरी मेमरी लागते. तो संदर्भ आधीच व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावा.

पूर्णांकांवर आलो की आकडा कुठवर जाईल हे पाहणं आपल्या गळ्यात पडतं, भाषा कितीही कडक असो. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण जवळपास ४० सेकंदांत संपलं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. तो कोड शिस्तीसाठीच ओळखल्या जाणाऱ्या अडा भाषेतला होता आणि प्रोसेसरवरचा भार कमी राहावा म्हणून त्या रूपांतरावर तपासणी ठेवलेली नव्हती.

कलेक्टर सरळ बंद करून टाकावा का? करता येतो, पण लूप खरोखर हीपमुक्त असेल तरच. नाहीतर मेमरी संपल्यावर प्रोग्रॅम मरतो आणि पीडब्ल्यूएमचं हार्डवेअर शेवटच्या आकड्यावर मोटर फिरवतच राहतं. त्यामुळे वॉचडॉग (ठरलेल्या वेळात इशारा मिळाला नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) हवाच, समजा १०० मिलिसेकंदांचा. त्याला खाऊ घालणारी, म्हणजे तो इशारा देणारी ओळ फक्त कंट्रोल लूपमध्ये असावी. वेगळ्या टायमरमध्ये टाकली तर लूप मेलेला असूनही वॉचडॉग खूश राहतो. मोटरला वीज देणाऱ्या ड्रायव्हरच्या इनेबल पिनला १० किलोओहमचा पुलडाउन (पिन शून्यावर धरणारा रेझिस्टर) द्या, म्हणजे रीसेटच्या क्षणी मोटर बंदच राहील. कचरा काढायचाच असेल तर मोटर उभी असताना आपण होऊन काढावा.

काही कामं पायथनकडे द्यायचीच नसतात. वरच्या वेगाला एन्कोडरचा काउंट दर ५० मायक्रोसेकंदांनी येतो. प्रत्येकावर इंटरप्ट घेतला तर प्रोसेसर त्यातच गुंतून पडेल. पिकोवर त्यासाठी पीआयओची (प्रोसेसरला न गुंतवता पिन हाताळणाऱ्या हार्डवेअरची) आठ स्टेट मशीन आहेत. मोजणी त्यांच्याकडे, २० किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम हार्डवेअरकडे आणि पायथनकडे फक्त निर्णय. लिनक्सवर काम असेल तर रिअल-टाइम पॅच २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीपासून, मुख्य कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आला आहे. पण कर्नल वेळ पाळतो म्हणून पायथनही पाळेल असं नाही.

तपासणीला एक मोकळी पिन पुरते. लूपच्या सुरुवातीला ती वर, शेवटी खाली, आणि लॉजिक अ‍ॅनालायझर (पिन कधी वर-खाली झाली ते नोंदवणारं उपकरण) रात्रभर लावून ठेवा. सकाळी सरासरीकडे पाहू नका. दोन फेऱ्यांमधलं सर्वांत मोठं अंतर शोधा आणि ते १ मिलिसेकंदापेक्षा किती वाढलं ते बघा.