आठ बाइटचा हुकूम

नोव्हेंबर 2023. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं अलिक्विपा गाव. तिथल्या एका बूस्टर पंपिंग स्टेशनचा पीएलसी, म्हणजे पंप चालवणारा छोटा संगणक, हॅकरांनी ताब्यात घेतला. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवले, पाणी सुरू राहिलं. अशा बातम्यांत हॅकर जादूगार ठरतात. पण त्यानंतरच्या सरकारी इशाऱ्यातली मुख्य सूचना साधी होती: कारखान्यातून आलेला 1111 हा पासवर्ड बदला आणि पीएलसी इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

पासवर्ड बदलला तरी आतलं दुखणं उरतंच. अनेक जलशुद्धीकरण केंद्रांत यंत्रं एकमेकांशी 1979 सालच्या 'मॉडबस' भाषेत बोलतात. सीरियल तारेवरचा तिचा एक हुकूम फक्त आठ बाइटचा असतो. पहिला बाइट उपकरणाचा क्रमांक. दुसरा काम सांगतो. 06 म्हणजे 'रजिस्टरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या स्मृतीतल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात, लिही'. पुढचे दोन रजिस्टरचा पत्ता, त्यापुढचे दोन नवी किंमत, शेवटचे दोन सीआरसी, म्हणजे आधीच्या बाइटांवरून काढलेला पडताळा-आकडा. हुकूम कोणी दिला, हे सांगायला जागाच नाही! सीआरसी तारेवरच्या गोंगाटाने बिघडलेला संदेश ओळखतो. पण तो कुणालाही काढता येतो, त्यामुळे तोतया त्यात सापडत नाही. समजा, क्लोरीनचा 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर हा सेटपॉइंट, म्हणजे यंत्राने राखायची ठरवलेली पातळी, रजिस्टरमध्ये 150 असा ठेवलाय. कुणी तिथे 1500 लिहिलं, तर उपकरण तोच संदेश जसाच्या तसा परत पाठवून होकार देतं.

ऑस्ट्रेलियातल्या मरूची शायर या भागात 2000 साली झालेल्या हल्ल्यात मॉडबस नव्हे, रेडिओ वापरला गेला. दुखणं मात्र हेच. यंत्रणेची माहिती असलेल्या माजी कंत्राटी कर्मचाऱ्याने सांडपाणी पंपिंग स्टेशनांना खोटे हुकूम दिले. पंप बंद राहिले, धोक्याच्या सूचना पोचल्या नाहीत आणि सुमारे 8 लाख लिटर मैला उद्यानांत, ओढ्यांत वाहिला.

'एआय सुरक्षा'च्या महागड्या पेट्या घेण्याआधी साधी कामं करावीत. फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरचे संदेश गाळणाऱ्या पहारेकऱ्यात, मॉडबसचे 05, 06, 15 आणि 16 हे लिहिण्याचे हुकूम फक्त ऑपरेटरच्या संगणकाकडूनच स्वीकारावेत. पाण्यात रसायन सोडणाऱ्या डोसिंग पंपाची क्षमताच गरजेपुरती निवडावी आणि रसायनाची रोजची टाकी लहान ठेवावी. मग सेटपॉइंट कितीही वाढवला तरी पाण्यात जाणारी मात्रा मर्यादित राहते. सांडपाण्याच्या विहिरीत, पंपाच्या स्टार्टरला थेट तारेने जोडलेला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, हवा. पातळी वाढली की तो पीएलसीला न विचारता पंप सुरू करतो, आणि नेटवर्कवरून त्याला हात लावता येत नाही.