दर्दींकडून गर्दीकडे

पाणबुड्यांच्या मनगटी घड्याळावरचं बाहेरचं कडं एकाच दिशेनं फिरतं. तिथे गाठ जिवाशी असते म्हणून. पाण्यात उतरताना पाणबुड्या कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो. खाली गेल्यावर काटा त्या खुणेपासून किती पुढे सरकला हे पाहिलं, की पाण्यात किती मिनिटं झाली ते कळतं आणि त्यावरून टाकीतल्या हवेचा हिशेब लागतो. आता समजा, ते कडं खडकाला घासलं आणि चुकून फिरलं. ते घड्याळाच्या उलट दिशेनंच फिरू शकतं, त्यामुळे गेलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. माणूस पाच मिनिटं आधी वर येतो, पाच मिनिटं उशिरा नाही. चूक झालीच तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, इतका विचार त्या एका कड्यात घातलेला आहे.

रोलेक्सचं सबमरिनर हे अशा घड्याळांमधलं सगळ्यांत गाजलेलं. १९५३ साली ते आलं तेव्हा १०० मीटर खोलीपर्यंत टिकाव धरत होतं. आज कंपनी ३०० मीटरची हमी देते. हौसेनं पाण्यात उतरणाऱ्यांना मात्र ४० मीटरच्या खाली जायचं नाही, असं प्रशिक्षणातच शिकवतात. शिवाय वेळेचा आणि खोलीचा हिशेब आता मनगटावरचा छोटा संगणक ठेवतो. ज्या कामासाठी हे घड्याळ घडलं, ते काम त्याच्या हातून जवळजवळ गेलं आहे. मान मात्र वाढतच गेला. लोक दुकानात नाव नोंदवून वाट पाहतात, आणि घड्याळ दिसतं ते बहुतेक कोटाच्या बाहीखाली.

ठरावीक दर्दी लोकांची वस्तू हळूहळू गर्दीच्या प्रतिष्ठेची खूण होते, हे घड्याळांपुरतं नाही. गिर्यारोहकांची जॅकेटं, कामगारांचे बूट, शेतावरच्या गाड्या, सगळ्यांचा प्रवास याच वाटेनं झालेला दिसतो. जाहिरातीची जादू, असं उत्तर पटकन सुचतं. मला ते अर्धवट वाटतं. जाहिरात तर शेकडो वस्तूंची होते, आणि त्यांतल्या बहुतेक विसरल्या जातात. अधिक खोलवरचं उत्तर अर्थशास्त्रात आणि प्राणिशास्त्रात आहे, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे ते जवळजवळ एकाच वेळी सापडलं.

१९७३ साली अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी एक साधा प्रश्न घेतला. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत डोळ्यांनी दिसत नाही. मग तो पदवीवर विश्वास का ठेवतो? स्पेन्स यांचं म्हणणं असं, की पदवीत शिकलेलं कामी येवो न येवो, कुवत असलेल्याला ती मिळवणं कमी जड जातं आणि नसलेल्याला फार जड जातं. या फरकामुळेच पदवी ही खूण म्हणून चालते. पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. १९७५ साली इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी प्राण्यांच्या बाबतीत असाच विचार मांडला. मोराला पिसारा ओढत फिरणं परवडतं, यातच त्याच्या ताकदीची साक्ष आहे. दोघांच्या मांडणीचं मर्म एकच: खोटं बोलणाऱ्याला जी महाग पडते, तीच खूण भरवशाची.

आता दर्दींकडे वळू. सुरुवातीच्या काळात त्यांच्या ब्रँडची खरी किंमत पैशांत नसते. ती तासांत असते. कोणती शिवण पावसात गळते, कोणती झिप थंडीत अडकते, कोणता दोर किती झटके सोसतो, हे कळायला हंगामच्या हंगाम जातात. ज्याला नाद आहे त्याला हे तास ओझं वाटत नाहीत, उलट तोच त्याचा आनंद असतो. ज्याला नाद नाही त्याला ती शिक्षा वाटेल. स्पेन्स यांनी सांगितलेली अट इथे तंतोतंत पुरी होते. म्हणूनच डोंगराच्या पायथ्याशी दोन अनोळखी माणसं भेटली आणि एकाच्या छातीवरचा छोटासा लोगो दुसऱ्यानं ओळखला, तर एक शब्दही न बोलता ओळख पटते. हा आपल्यातला आहे.

एखादं जॅकेट जरा जवळून पाहू. द नॉर्थ फेस ही कंपनी १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका छोट्या दुकानापासून सुरू झाली. डोंगराची उत्तरेकडची बाजू उत्तर गोलार्धात सहसा जास्त थंड, जास्त बर्फाळ आणि चढायला अवघड. नाव तिथून आलं. १९९२ साली कंपनीनं एव्हरेस्टशेजारच्या नुप्त्से शिखराचं नाव देऊन एक फुगीर जॅकेट काढलं. त्याचे ते गुबगुबीत आडवे पट्टे शोभेचे नाहीत. आतली मऊ पिसं एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून शिवून कप्पे पाडलेले असतात. ऊब खरी देते ती पिसांत अडकलेली हवा, कारण स्थिर हवेतून उष्णता फार हळू बाहेर जाते. पिसं जितकी फुलतील तितकी हवा जास्त धरली जाते. ही फुलण्याची ताकद मोजायचं एक माप आहे: ७०० दर्जाची पिसं म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसांनी फुलून सुमारे साडेअकरा लिटर जागा व्यापली पाहिजे. मूठभर पिसांत एवढी हवा! खांद्यांवरचं वेगळ्या रंगाचं जाड कापडही असंच कामाचं, कारण जड पाठपिशवीच्या पट्ट्यांनी जॅकेट झिजतं ते तिथेच.

शहरातल्या रस्त्यावर त्या खांद्यांना जड पाठपिशवी कधी घासत नाही. पण जॅकेट लांबून ओळखू येतं ते त्या काळ्या खांद्यांमुळे आणि फुगीर पट्ट्यांमुळेच. माझ्या मते या सगळ्या प्रवासाची किल्ली इथे आहे. दर्दींनी घालवलेले तास डोळ्यांना दिसत नाहीत, कामाच्या खुणा दिसतात. गर्दीला दिसतं ते गर्दी उचलते.

आणि ती का उचलते, याचा विचार करताना तिला मूर्ख समजण्याचं कारण नाही. ज्याला जॅकेटातलं काही कळत नाही तो असं म्हणतो: जी माणसं बर्फात रात्र काढतात ती हेच घालतात, तर मला शहरातल्या थंडीला हे पुरेलच. दुसऱ्याच्या कष्टानं मिळवलेल्या ज्ञानाचा असा उसना उपयोग आपण सगळेच रोज करतो. गर्दीचं जेवणघर चांगलं असणार असं धरून चालतो, तसंच हे. पुढचा माणूस मग दर्दीला पाहत नाही, या दुसऱ्या माणसाला पाहून घेतो, आणि तिसरा त्याला पाहून. साखळीतल्या दहाव्या माणसाला मूळ कारण ठाऊकही नसतं.

हा वेग आकड्यांत मांडता येतो. १९६९ साली विपणनाचे अभ्यासक फ्रँक बॅस यांनी नव्या वस्तूंच्या खपाचं एक सोपं गणित मांडलं. काही जण स्वतःच्या ओढीनं घेतात, काही जण इतरांना पाहून. पुढे अनेक वस्तूंच्या अभ्यासांतून पहिल्या ओढीचा सरासरी गुणांक ०.०३ आणि दुसरीचा ०.३८ निघाला. दुसरी ओढ एवढी मोठी असूनही सुरुवातीला तिचा जोर जाणवत नाही, कारण आधी किती जणांनी वस्तू घेतली आहे त्या प्रमाणातच ती काम करते. गुणाकार करून पाहिला तर संभाव्य ग्राहकांपैकी साधारण आठ टक्क्यांच्या हाती वस्तू पोचली, की पाहून घेणारे स्वतःहून घेणाऱ्यांच्या पुढे जातात. तिथून पुढे त्या ब्रँडवर दर्दींचा ताबा राहत नाही.

पहिला उंबरठा ओलांडायला मात्र मधला माणूस लागतो, ज्याला दुसऱ्या वर्तुळात मान आहे असा. डॉक्टर मार्टेन्सचे बूट घ्या. जर्मन सैन्यातले डॉक्टर क्लाउस मेर्टेन्स यांचा घोटा १९४५ साली स्कीइंग करताना दुखावला, आणि लष्करी बुटांचा कडक तळवा सोसेना म्हणून त्यांनी हवेची गादी असलेला तळवा तयार केला. इंग्लंडमधल्या ग्रिग्ज कंपनीनं त्याचे हक्क घेऊन १ एप्रिल १९६० रोजी पहिला बूट काढला. त्या तारखेवरूनच त्याचं नाव १४६०. दिवसभर पायांवर उभे असणारे कामगार आणि पोस्टमन हे त्याचे पहिले दर्दी. तो रंगमंचावर चढला तो द हू या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांच्या पायांतून, आणि मग तरुणांच्या एकेका पंथानं तो आपला मानला. टाउनशेंड यांना पोस्टमनइतकं चालायचं नव्हतं. बूट एका वर्तुळातून दुसऱ्यात गेला तेव्हा घोट्याची गोष्ट मागे राहिली.

एकदा सगळ्यांना नाव कळलं, की खुणेचं काय होतं? दर्दींचा लोगो सांगत होता, 'मला यातलं कळतं.' आता तो ओळखायला हंगाम घालवावे लागत नाहीत, विचारलं की कोणीही सांगतं. तासांची किंमत शून्यावर आली. उरली पैशांची. त्याच लोगोचा अर्थ आता होतो, 'मला हे परवडतं.' ब्रँडची कीर्तीच त्याचा मूळ अर्थ पुसून टाकते.

निसर्गात याचा जुना दाखला आहे. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात काढली आणि १८६२ साली दाखवून दिलं, की पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या काही फुलपाखरांची नक्कल चविष्ट फुलपाखरं करतात. पक्षी फसतो आणि नकलाकार वाचतो. पण ही ढाल कुठवर टिकते? २००१ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलेल्या एका सुंदर प्रयोगात याचं उत्तर आहे. अमेरिकेतल्या विषारी कोरल सापासारखे रंगीत पट्टे काही निरुपद्रवी सापांवर असतात. संशोधकांनी तसे पट्टे असलेले मातीसारख्या लगद्याचे साप बनवून रानात ठेवले. जिथे खरे कोरल साप राहतात तिथे शिकारी प्राणी या नकली सापांपासून लांब राहिले. जिथे कोरल साप नाहीत तिथे पट्ट्यांनी काहीच संरक्षण मिळालं नाही. पट्टे तेच होते. मागचं विष नव्हतं. लोगोमागचे दर्दी विरळ झाले की असंच होतं. एक फरक मात्र मी आवर्जून नोंदवीन. जॅकेट घेणारा कोणाला फसवत नसतो. त्याचं जॅकेट अस्सल असतं आणि तितकीच ऊब देतं. बदलते ती पाहणाऱ्यांची समजूत.

माणसांवरचा प्रयोगही आहे. ग्राहकांच्या वागण्याचे अभ्यासक जोना बर्गर आणि चिप हीथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका वसतिगृहात कर्करोगनिधीचे पिवळे रबरी मनगटपट्टे वाटले. नंतर ते शेजारच्या वसतिगृहात दिले, जिथली मुलं पुस्तकी किडे म्हणून ओळखली जात. थोड्याच दिवसांत पहिल्या वसतिगृहातल्या जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी पट्टे काढून टाकले. पट्टा तोच, कारण तेच, रंगही तोच; तो आता कोणाच्या हातावर दिसतो एवढंच बदललं होतं.

दर्दी नेमके असेच निघून जातात. बर्गर यांच्याच पुढच्या कामात दिसलं, की एखाद्या विषयातले जाणकार ठळक लोगो टाळतात आणि आपल्यासारख्यांनाच कळतील अशा बारीक खुणा निवडतात. शिवणीची पद्धत, बक्कलाचा आकार. गर्दीला दिसणार नाही तिथे ते नवी खूण शोधतात. यात नव्या माणसाला हसणारे काही दर्दी असतात. त्यांचं मला पटत नाही. प्रत्येक दर्दी कधीतरी नवखाच होता, आणि कुणीतरी त्याला गाठ मारायला शिकवलं म्हणून तो दर्दी झाला.

कंपनीची कोंडी यापेक्षा अवघड असते. गर्दी आली की कारखाने वाढतात, आणि गर्दीचं मन फिरलं की ते ओस पडतात. डॉक्टर मार्टेन्सला २००३ साली इंग्लंडमधलं बहुतेक उत्पादन बंद करून आशियात न्यावं लागलं. बर्बरी या इंग्लंडमधल्या कपड्यांच्या कंपनीनं पाऊस-वारा अडवणारं गॅबर्डिन कापड १८७९ साली शोधलं होतं, आणि ध्रुवीय मोहिमांतली माणसं ते वापरत. कोटाच्या आत अस्तराला असलेली त्यांची चौकड २००० नंतर टोप्यांपासून सगळीकडे इतकी दिसू लागली, की कंपनीनं ती स्वतःच बहुतेक मालावरून काढून घेतली. जी गोष्ट आत लपलेली होती तोवर ओळखीची होती, ती बाहेर आल्यावर नकोशी झाली.

डोंगरात वापरायचे कपडे करणाऱ्या पॅटागोनिया या कंपनीचे संस्थापक इवॉन शुइनार्ड मूळचे लोहार. १९५७ पासून ते गिर्यारोहकांसाठी खडकात ठोकायचे खिळे घडवत. त्या खिळ्यांनी खडक फुटतो आहे हे त्यांनी पाहिलं आणि खिळे हाच धंद्याचा आधार असतानाही १९७२ च्या कॅटलॉगमध्ये ते सोडून हातानं अडकवायच्या पाचरी वापरा, असं ग्राहकांना सांगितलं. दर्दींचा विश्वास बसतो तो अशा निर्णयांमुळे. पुढे त्याच कंपनीची बिनबाह्यांची जॅकेटं वित्तसंस्थांमधल्या लोकांचा जणू गणवेश झाली, छातीवर संस्थेचं नाव शिवलेली. २०१९ साली कंपनीनं असं नाव शिवून द्यायला नव्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत अटी घातल्या: आधी त्यांचं काम पर्यावरणाच्या बाजूचं आहे का ते पाहू. डोळ्यांसमोर असलेली विक्री दुसऱ्यांदा नाकारण्याचा हा निर्णय मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

मर्सिडीजची जी-क्लास ही चौकोनी गाडी १९७९ साली आली ती सैन्यासाठी आणि आडरानातल्या कामांसाठी. सरळ पत्रा, सपाट काचा, दारांच्या बिजागऱ्या बाहेर. ती पुढे श्रीमंतांच्या दारात उभी राहू लागली, आत कातडी आसनं आली, डिजिटल स्क्रीन आले. २०१८ साली अभियंत्यांनी गाडी जवळजवळ मुळापासून नव्यानं आखली आणि आतलं बहुतेक सगळं बदललं. बाहेरच्या बिजागऱ्या मात्र त्यांनी मुद्दाम राहू दिल्या, आणि दार लावताना होणारा तो जुना खटकाही.