रिपोर्ट मारल्यावर पुढे काय होतं?

ऑनलाइन गेममध्ये हरलेल्या मॅचनंतर समोरच्याला ‘हॅकर’ (म्हणजे फसवून खेळणारा) ठरवून रिपोर्ट मारायला दोन सेकंद लागतात. खेळ चालवणाऱ्या कंपनीची अडचण तिथूनच सुरू होते, कारण आलेल्या ढिगात राग किती आणि खरी चोरी किती, हे रिपोर्टवरून कळत नाही.

‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या गोळीबाराच्या खेळासाठी व्हॉल्व्ह कंपनीने २०१३मध्ये ‘ओव्हरवॉच’ ही पद्धत आणली. ज्याच्याविरुद्ध रिपोर्ट साचले, त्याच्या मॅचमधल्या आठ राउंडांचं चित्रण अनुभवी खेळाडूंकडे जायचं. संशयिताचं नाव झाकलेलं, चॅट आणि आवाज बंद. निशाणा आपोआप लागतोय का, भिंतीपलीकडचं दिसतंय का, की गडी आपल्याच टीमचा खेळ बिघडवतोय, यावर वेगवेगळा निकाल द्यायचा. खात्री नसेल तर ‘पुरावा अपुरा’. आधीच्या निकालांत ज्याचा अंदाज बरोबर ठरला, त्याच्या मताला वजन जास्त. हा शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रिपोर्ट करणाऱ्यांनाही तोच लावला, तर पैसे देऊन शेकडो खोट्या खात्यांवरून मारलेल्या रिपोर्टांची किंमत शून्यावर येते.

पण खेळाडूंच्या रिपोर्टवरून आलेल्या खटल्यांत दोषी ठरायचे जेमतेम १५ ते ३० टक्के. मग व्हॉल्व्हने ‘व्हॅकनेट’ हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं यंत्र, तयार केलं. त्याला शिकवायला ओव्हरवॉचचे निकालच वापरले. गोळी सुटण्याआधीचा अर्धा सेकंद आणि नंतरचा पाव सेकंद, एवढ्या वेळात नेम आडवा-उभा किती फिरला, बंदूक कोणती, अंतर किती, गोळी लागली का, हे ते तपासतं. अशा १४० गोळ्या एकत्र पाहून संशयाचा आकडा काढतं. एखादा झटका नशिबाने जमतो, शंभरवेळा नाही. त्याने पाठवलेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण ८० ते ९५ टक्क्यांवर गेल्याचं कंपनीने २०१८मध्ये सांगितलं.

तरीही तेव्हा शेवटचा शब्द माणसाचाच ठेवला होता. तो का, हे एका काल्पनिक हिशेबात दिसतं. समजा, एक लाख खेळाडूंत एक हजार चीटर आहेत. यंत्र त्यातले ९५ टक्के पकडतं आणि प्रामाणिक खेळाडूंपैकी फक्त एक टक्का चुकून धरतं. म्हणजे ९५० चोर सापडले, पण सोबत ९९० निर्दोषही अडकले! चीटर जितके विरळ, तितकं हे प्रमाण आणखी बिघडतं.

निर्दोष माणूस अडकतो कसा, याचा नमुना ऑक्टोबर २०२३मध्ये दिसला. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीच्या नव्या ड्रायव्हरमधली (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) ‘अँटी-लॅग प्लस’ ही खेळातला विलंब कमी करणारी सोय खेळाच्याच कोडमध्ये हात घालत होती. चीट प्रोग्रॅमही नेमकं तेच करतात. त्यामुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये ती चालू ठेवणाऱ्यांवर बंदी आली. एएमडीला ड्रायव्हर मागे घ्यावा लागला आणि व्हॉल्व्हला ती बंदी उठवावी लागली. शिक्षा कायमची असेल तर ती मागे घेण्याची वाटही हवी, ती यासाठी.

शिक्षा कधी द्यायची, हा वेगळा डाव. सापडल्याबरोबर बंदी घातली, की चीट विकणाऱ्याला आपली कुठली खूण पकडली गेली ते लगेच कळतं आणि दुसऱ्या दिवशी सुधारित आवृत्ती तयार. म्हणून नावं साठवून लाटेने बंदी घालतात. फेब्रुवारी २०२३मध्ये व्हॉल्व्हच्याच ‘डोटा २’ या खेळातून ४० हजारांहून जास्त खाती अशीच एकदम उडाली. खेळाच्या माहितीत व्हॉल्व्हने एक असा कोपरा ठेवला होता, जो साध्या खेळात कधीच वाचला जात नाही. तो ज्याने वाचला, तो चीटर. इथे अंदाजाचा प्रश्नच नव्हता. मात्र लाट येईपर्यंत बाकीच्यांचा खेळ नासतो. त्यावर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या दुसऱ्या गोळीबाराच्या खेळाने तोडगा काढला : पकडलेल्या चीटरला खेळू द्यायचं, पण समोरचे खेळाडू त्याला दिसेनासे करायचे किंवा त्याच्या गोळीचा परिणामच काढून घ्यायचा. तोवर त्याच्या चीटचा अभ्यासही होतो.

फुकटच्या खेळात बंदीची धार बोथट होते. नवं खातं पाच मिनिटांत उघडतं. खात्याला फोन नंबर जोडायला लावला आणि बंदी त्या नंबरच्या इतर खात्यांनाही लागू केली, तर परत यायला खर्च येतो.

खेळाडूच्या हातात काय? मॅच संपल्यावर रीप्ले उघडा आणि संशयिताच्या नजरेतून दोन-तीन राउंड बघा. पावलांचा आवाज नाही, टीममेटने सांगितलेलं नाही, तरी नेम भिंतीआडच्या माणसावरून सरकत राहतो का? तसं वारंवार दिसलं तर वॉलहॅक, आणि रिपोर्ट त्याच प्रकाराखाली. शिवीगाळ केली म्हणून ‘चीटिंग’वर टिचकी मारली, तर शिवीगाळही तपासली जाईलच असं नाही.