घरगुती कंपोस्ट (नागपूर)

स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि अंगणातला पालापाचोळा हवेशीर कुजवून घरच्या बागेसाठी केलेले खत. कुजवण्याचे काम जिवाणू, बुरशी आणि गांडुळे करतात. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत नत्र (नायट्रोजन) जास्त असते, तर वाळल्या पानांत आणि लाकडाच्या भुशात कर्ब (कार्बन). कर्ब-नत्राचे प्रमाण 30:1 च्या आसपास असले की खत लवकर होते. घरच्या मापाने, एक डबा ओल्या कचऱ्यावर दोन डबे चुरलेली पाने. ओल 50 ते 60 टक्के हवी. मूठभर मिश्रण दाबले तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये.

नागपुरात सगळे अडते ते या ओलीपाशीच. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, उघड्यावरचा ढीग कोरडा पडतो आणि कुजणे थांबते. ऊन लागणाऱ्या ड्रममध्ये गांडुळे तर मरतातच. म्हणून ड्रम गच्चीवर न ठेवता दाट सावलीत ठेवावा, वर ओले पोते टाकावे. पावसाळ्यात नेमके उलटे होते. पाणी शिरले की हवा कोंडते, कुजका वास सुटतो. वर झाकण हवे, तळाला भोके हवीत आणि कोरडी पाने घालून मिश्रण वरखाली करायला हवे. पण जुलैत कोरडी पाने मिळणार कुठून? कडुनिंबासारख्या झाडांची पानगळ होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हाच पोती भरून कोरड्या जागी ठेवावीत. विकतच्या कल्चरपेक्षा (कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणापेक्षा) हा साठा कितीतरी मोलाचा आहे, आणि हीच पाने झाडून जाळली जातात हे फार वाईट आहे.

संत्र्याच्या साली इथे घरोघरी निघतात. त्यांतल्या तेलामुळे त्या सावकाश कुजतात आणि गांडुळांना मानवत नाहीत. बारीक तुकडे करून, वाळवून थोड्या थोड्या घालाव्यात. गांडूळखतात टाळलेल्या बऱ्या. मटणाची हाडे आणि तर्रीचे तेल घालू नये.

भोके सोडलेल्या विटांच्या टाकीत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देण्याची नाडेप पद्धत विदर्भातलीच. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते. कमी शेणात पुष्कळ खत मिळावे हा तिचा हेतू. तिच्यात खत साधारण 3 ते 4 महिन्यांत होते. मोठे अंगण असेल तर ती जरूर करावी. फ्लॅटमध्ये भोके पाडलेला माठ किंवा बादली पुरते.

इथली काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कंपोस्टाने ती भुसभुशीत होते, पाण्याचा निचरा सुधारतो. कुंडीत दोन भाग मातीला एक भाग चाळलेले खत पुरे. खत गडद तपकिरी, थंड आणि मातीच्या वासाचे झाल्यावरच वापरावे. अर्धवट कुजलेले घातले तर पुढचे कुजणे कुंडीतच चालते, त्यासाठी मातीतले नत्र खर्ची पडते आणि रोपांची पाने पिवळी पडतात.