मामाचे पैसे, भाच्याचा गेम: व्हिडिओ गेम कंपन्या आणि त्यांत पैसे घालणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

ठाणे, नोव्हेंबर २०२५

नौपाड्यातल्या आमच्या सीए ऑफिसात हल्ली एक नवी जोडी येऊ लागली आहे. वडील आणि मुलगा, कधी मामा आणि भाचा. पोराने दोन मित्रांबरोबर वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेऊन व्हिडिओ गेम बनवायला घेतलेला असतो. मोठ्या माणसाकडे निवृत्तीचे नाहीतर जुनी खोली विकल्याचे पैसे असतात. सरकार गेमिंगला आणि स्टार्टअपला करात सूट देतं, हे दोघांच्याही कानावर आलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजावताना प्रत्येक वेळी तास जातो, म्हणून हे पत्रक छापलं. यातले कलम क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, त्यात हे क्रमांक वेगळे आहेत.

‘लंडनमध्ये तर सरकार पैसे परत देतं’

देतं. ब्रिटनने २०१४ मध्ये व्हिडिओ गेमसाठी वेगळी करसवलत आणली आणि १ जानेवारी २०२४ पासून तिच्या जागी नवी पद्धत सुरू केली. आधी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडून गेम ‘ब्रिटिश’ असल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्यासाठी ३१ पैकी १६ गुण लागतात. मग गेम बनवण्याच्या मूळ खर्चातला जास्तीत जास्त ८० टक्के भाग धरून त्यावर ३४ टक्के क्रेडिट मिळतं. १०० पौंड खर्च केले तर २७ पौंड २० पेन्स, आणि त्यावर २५ टक्के कर गेला की हातात २० पौंड ४० पेन्स. ऑस्ट्रेलियात किमान ५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च करणाऱ्याला ३० टक्के मिळतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १९९६ पासून अशी सवलत चालू आहे.

या सगळ्या सवलती खर्चावर आहेत. स्टुडिओ तोट्यात असला तरी पैसे मिळतात. आपल्याकडची मुख्य सवलत नफ्यावर आहे, म्हणजे नफा नसेल तर सवलतही नाही. आणि गेमच्या धंद्यात पहिली दोन-तीन वर्षं नुसता खर्चच असतो. फक्त गेमसाठी म्हणून प्राप्तिकरात वेगळं कलम आपल्याकडे नाही. जे आहे ते सगळ्या स्टार्टअपना सारखंच आहे.

ब्रिटिश कंपनीसाठी इथे बसून ग्राफिक्स करून देणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. तिथली सवलत ब्रिटनमध्ये वापरल्या गेलेल्या कामाच्या खर्चावर आहे. तुमचं बिल त्यात बसत नाही. तिकडचा माणूस दर पाडून मागतो, त्यामागे कधी कधी हा हिशेब असतो.

राज्याचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी २०५० पर्यंतचं, ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. चांगली गोष्ट आहे. पण ते उद्योगाला प्रोत्साहन देण्याचं धोरण आहे, प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये त्याचा रकाना शोधू नका.

कलम ८०-आयएसी: ‘शंभर टक्के सूट’ म्हणजे शून्य कर नव्हे

कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) १ एप्रिल २०१६ रोजी किंवा त्यानंतर आणि १ एप्रिल २०३० च्या आत स्थापन झालेली असेल, तर पहिल्या दहा वर्षांतली सलग तीन वर्षं निवडून त्या वर्षांच्या नफ्यावर शंभर टक्के वजावट घेता येते. साध्या भागीदारी फर्मला केंद्र सरकारची स्टार्टअप म्हणून मान्यता मिळू शकते, पण ही वजावट मिळत नाही. आणि मान्यतेचं सर्टिफिकेट आलं म्हणजे वजावट मिळाली, असंही नाही. त्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. तिथे ‘यात नवीन काय’ हे विचारतात. स्वतःचा गेम किंवा स्वतःचं तंत्र असेल तर सांगण्यासारखं काही असतं. दुसऱ्याच्या गेमची झाडं आणि घरं रंगवून देणाऱ्या स्टुडिओला आम्ही अर्ज करायला सहसा सांगत नाही. दोन्ही अर्जांना सरकारी फी नाही. ‘सर्टिफिकेटची सरकारी फी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

आता आकडे. २०२४-२५ चे दर धरू. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, नफा ४० लाख. नेहमीच्या २५ टक्के दराने सेससह (करावरच्या उपकरासह) कर १०,४०,००० रुपये. कलम ११५बीएए चा २२ टक्क्यांचा दर घेतला तर अधिभार आणि सेस धरून १०,०६,७२०. ८०-आयएसी घेतलं तर नेहमीचा कर शून्य होतो, पण मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, १५ टक्के भरावाच लागतो. पुस्तकी नफाही (कंपनीच्या हिशेबात दिसणारा नफा) ४० लाख असेल तर सेससह ६,२४,०००. त्या वर्षीच्या नियमाने त्याचं क्रेडिट पुढच्या करातून वळतं करायला १५ वर्षं मिळत होती. फायदा आहेच, पण ‘एक रुपया कर लागत नाही’ हे खरं नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: ११५बीएए चा पर्याय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही, आणि त्या पर्यायात ८०-आयएसी चालत नाही. कमी दर दिसला म्हणून पहिल्याच वर्षी फॉर्म १०-आयसी भरून बसलेले लोक आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी करण्यासारखं फार काही उरत नाही. दुसरा: जुना तोटा आधी वळता होतो, वजावट नंतर. दोन वर्षांचा ३० लाखांचा तोटा डोक्यावर असताना ४० लाख नफ्याच्या वर्षी वजावट सुरू केलीत, तर ती १० लाखांवरच मिळते आणि तीनपैकी एक वर्ष खर्ची पडतं. म्हणून तोटा संपेपर्यंत थांबा. रिटर्न मात्र मुदतीतच भरा. मुदत चुकली की त्या वर्षीची वजावट गेली.

मामाचे पैसे

ब्रिटनमध्ये नव्या छोट्या कंपनीचे शेअर घेणाऱ्याला एका योजनेत गुंतवणुकीच्या ५० टक्के आणि दुसऱ्या योजनेत ३० टक्के रक्कम स्वतःच्या प्राप्तिकरातून वजा मिळते. आपल्याकडे पैसे घालणाऱ्याला अशी कुठलीही वजावट नाही. ‘८०-सी मध्ये बसेल का’ असं विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो: बसत नाही. घर विकून आलेला नफा स्टार्टअपच्या शेअरमध्ये घालण्याची सवलत कलम ५४जीबी मध्ये होती, पण ती ३१ मार्च २०२२ पर्यंतच्या विक्रीला होती. इंटरनेटवरचे जुने लेख वाचून घोडबंदर रोडचा फ्लॅट विकायला काढू नका.

शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के कर. पैसे बुडाले तर तो दीर्घकालीन भांडवली तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वळता होतो. पेन्शनमधून नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्रक मुख्यतः लिहिलं तो भाग. एक फाइल आमच्याकडे आली होती, ओळख पटू नये इतका तपशील बदलून सांगतो. मामांनी भाच्याच्या कंपनीला १५ लाख दिले, ५-५ लाखांचे तीन चेक. पहिल्याच्या नोंदीपुढे ‘लोन’, दुसऱ्यापुढे ‘शेअर’, तिसऱ्यापुढे ‘मदत’. शेअर दिले नाहीत, कर्जाचा कागद नाही. दोन वर्षांनी बाहेरचा एक गुंतवणूकदार यायला तयार झाला. त्याच्या वकिलाने खातेउतारा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला: हे १५ लाख नक्की काय आहेत? मामा म्हणाले, ‘अहो, घरचेच आहेत.’

घरचे खरे, पण कोणत्या कायद्याने? प्राप्तिकर कायद्यात मामा नातेवाईक आहे. मामाने भाच्याला भेट दिलेल्या रकमेवर कर नाही. उलट दिशेने नियम वेगळा आहे: भाच्याने मामाला वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट दिली तर मामाला कर लागतो. कंपनी कायद्यातल्या नात्यांच्या यादीत मात्र मामा नाहीच. तिथे आईवडील, नवरा-बायको, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण एवढेच येतात, शिवाय एकत्र कुटुंब. संचालकाच्या वडिलांनी कंपनीला हातउसने दिले आणि हे पैसे स्वतः कर्ज काढून आणलेले नाहीत असं लिहून दिलं, तर चालतं. कंपनीत ना संचालक ना भागधारक असलेल्या मामाने दिले, तर ते ‘ठेव’ ठरतात, आणि ठेव घ्यायची परवानगी अशा कंपनीला नसते. ‘शेअर’ लिहिलेल्या चेकचं वेगळंच: पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर अलॉट करायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे. तेही चुकलं तर १२ टक्के व्याज. मामा प्रेमाने पैसे देतात आणि कागदांच्या घोळात त्यांचाच गेम होतो.

आम्ही सुचवतो ते दोन रस्ते. मामांना कंपनीत हिस्सा नकोच असेल, भाच्याला मदतच करायची असेल, तर भेटपत्र करून पैसे भाच्याच्या स्वतःच्या खात्यात द्या. भाचा आपल्या नावाने हक्कभाग (जुन्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) घेऊन ते कंपनीत घालेल. हिस्सा हवा असेल तर आधी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, ठराव, ऑफरचं पत्र, वेगळं बँक खातं, आणि मगच चेक. कंपनीला स्टार्टअपची मान्यता असेल आणि रक्कम एकहाती २५ लाख किंवा जास्त असेल, तर परिवर्तनीय नोट हा तिसरा मार्गही आहे. ती ठेव धरली जात नाही आणि दहा वर्षांच्या आत शेअरमध्ये बदलता येते किंवा फेडता येते.

‘एंजल टॅक्स गेला ना आता?’ हो, गेला. २०१२ मध्ये आलेला हा कर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढला, १ एप्रिल २०२५ पासून तो नाही. शेअर जास्त किमतीला दिले म्हणून वरच्या रकमेवर कंपनीला कर, ही कटकट संपली. पण कलम ६८ जागेवर आहे: पैसे देणाऱ्याने ते आणले कुठून, हे दाखवावंच लागतं. म्हणून मामांचा पॅन, रिटर्न, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि खोली विकली असेल तर नोंदणीकृत करारनामा, याच्या प्रती पैसे देण्याआधी आमच्याकडे द्या. नंतर मागितल्या की मामा रुसतात, अनुभव आहे.

मोठा गुंतवणूकदार आणताना जुन्या तोट्याकडेही बघा. खाजगी कंपनीत ४९ टक्क्यांहून जास्त मतदानहक्क नव्या हातात गेले तर मागचा तोटा वळता करता येत नाही. पात्र स्टार्टअपला यातून सुटका आहे, पण तोट्याच्या वर्षीचे सगळे भागधारक शेअर धरून राहिले तरच. भांडून बाहेर पडलेल्या एका मित्राने आपले शेअर विकले, तरी ही सुटका हातची जाते.

थोडक्यात उरलेलं

पैसे लावून खेळायचा गेम बनवत असाल तर सवलतीचं बोलूच नका. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन मनी गेमवर बंदी आली आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशांचे गेम यातून बाहेर आहेत, आणि सभासद फी घेतली म्हणून गेम जुगार होत नाही.

परदेशी ग्राहकाचं काम निर्यातीत बसत असेल तर जीएसटी शून्य दराने, पण दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलेलं हवं. अमेरिकन स्टोअरवर गेम विकत असाल तर डब्ल्यू-८ फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत हे सांगणारा) आधी भरा, तिथल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कापले जातील. कापलेल्याचं क्रेडिट इथे मिळवायला फॉर्म ६७ लागतो.

टॅक्स ऑडिट होणाऱ्या स्टुडिओने महिना २५,००० रुपयांपर्यंत पगाराची नवी मुलं पीएफसह नेमली, तर कलम ८०जेजेएए खाली वाढीव पगाराच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळते. ११५बीएए घेऊन बसलेल्यांनाही ही मिळते. बहुतेकजण ती मागतच नाहीत.

भेटायला येताना कंपनीच्या स्थापनेचं प्रमाणपत्र, भागधारकांची यादी आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणा. गेम लॅपटॉपवर दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, आमच्या आर्टिकलशिपच्या पोरांना आवडतो. आणि मामांनी चेक लिहून ठेवला असेल तर तारीख न टाकता तसाच घेऊन या.