घरी फोटो छापण्याचे पर्याय आले कुठून?

डिजिटल फोटो घरी छापायचा म्हटले की डाय शाईचा (द्रवात पूर्ण विरघळलेल्या रंगाचा) इंकजेट, म्हणजे शाईचे बारीक थेंब कागदावर उडवणारा प्रिंटर, पिगमेंट शाईचा (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांचा) इंकजेट, छोटा डाय-सब्लिमेशन प्रिंटर आणि अलीकडचा इंक टँक, असे पर्याय समोर येतात. त्यांतला चांगला कोणता, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. यातली प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीतल्या कुठल्या तरी अडचणीतून पुढे आली आहे. आपली अडचण नेमकी कोणती, हे ठरले की निवड बरीच सोपी होते.

इंकजेटचा एक धागा 1977पर्यंत मागे जातो. कॅननमधले संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा तयार करून थेंब बाहेर ढकलायचा, ही कल्पना त्यातून सुचली. एचपीनेही स्वतंत्रपणे हाच मार्ग शोधला आणि 1984मध्ये थिंकजेट बाजारात आणला. एप्सनने मात्र वीज दिली की आकार बदलणारा पिझो घटक वापरला. तिथे शाई तापवावी लागत नाही.

पण हे सगळे प्रिंटर मुख्यतः मजकुरासाठी होते. फोटोच्या दृष्टीने मोठा टप्पा आला 1994मध्ये, 720 डीपीआयच्या (एका इंचात 720 ठिपके) एप्सन स्टायलस कलरने. तरीही चेहरे दाणेदारच दिसत. चार रंगांत छापलेला गाल भिंगाखाली पाहिला तर कारण लगेच कळते: पांढऱ्या कागदावर विरळ, गडद ठिपके. फिकट छटा दाखवायला ठिपके लांब लांब टाकावे लागतात आणि ते डोळ्यांना खुपतात. म्हणून पुढे फिकट निळी (सायन) आणि फिकट मॅजेंटा (जांभळट गुलाबी) अशा दोन शाया वाढवून सहा रंगांचे फोटो प्रिंटर आले.

डाय-सब्लिमेशनमध्ये ठिपक्यांचा प्रश्नच नाही. रिबनवरचा पिवळा, मॅजेंटा आणि सायन रंग उष्णतेने कागदात उतरतो, शेवटी पारदर्शक थर चढतो. एकच कागद चार वेळा आत-बाहेर होताना दिसतो. उष्णता कमी-जास्त करून छटा मिळते, त्यामुळे 300 डीपीआयलाही फोटो सलग दिसतो. प्रिंटर महिनोन्महिने बंद राहिला तरी शाई सुकून अडकण्याची भीती नाही. मर्यादा आकाराची: घरगुती यंत्रे बहुधा पोस्टकार्डाएवढाच फोटो देतात.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग रंग उडण्याचा आहे. 1991मध्ये संगीतकार ग्रॅहम नॅश यांच्या नॅश एडिशन्स या छपाई स्टुडिओने आयरिस या मोठ्या इंकजेट प्रिंटरवर कलादर्जाचे प्रिंट काढायला सुरुवात केली, पण सुरुवातीच्या शाया प्रकाशात टिकत नव्हत्या. फोटो किती काळ टिकतात याचा अभ्यास करणारे हेन्री विल्हेल्म यांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांमुळे हा प्रश्न ऐरणीवर आला. मग 2000च्या सुमारास वेगळेच संकट दिसले. शाई झटकन सुकावी म्हणून आलेल्या सच्छिद्र कागदावर डाय शाई उघडीच राहत असे. हवेतला ओझोन निळा रंग खाऊन टाकी आणि उघड्यावर ठेवलेले काही फोटो थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडत. प्रकाशापासून जपूनही उपयोग नव्हता, हवाच लागू द्यायची नव्हती. त्याच वर्षी पिगमेंट शाईचा एप्सन स्टायलस फोटो 2000पी आला. पिगमेंटचे कण विरघळत नाहीत, त्यामुळे प्रकाश आणि वायू दोन्हींपुढे ते जास्त तग धरतात. बदल्यात चकचकीत कागदावर चमक एकसारखी येत नाही, ही तक्रार सुरू झाली. म्हणूनच शाई आणि कागद यांची जोडी प्रिंटरच्या मॉडेलइतकीच काळजीने निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

उरला खर्च. प्रिंटर स्वस्त आणि काडतूस महाग, या व्यवहाराला कंटाळलेल्यांसाठी एप्सनने 2010मध्ये इंडोनेशियात बाटलीने भरायच्या टाकीचा प्रिंटर आणला आणि ही पद्धत जगभर पसरली. छपाई खरोखरच स्वस्त झाली. मात्र काही टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. चकचकीत कागदावर अशी काळी शाई वापरलीच जात नाही. तीन रंग मिसळून काळा तयार होतो आणि केस, सावल्या, रात्रीचे आकाश करडे-तपकिरी दिसते. फोटोसाठी टँक प्रिंटर घ्यायचा असेल, तर फोटो कागदावर चालणारी वेगळी काळी शाई त्यात आहे का, हे आधी पाहावे.